परीक्षकाचं अर्जदाराशी नातं

मोसेय, १२ सप्टेंबर १९९३

प्रिय कोल्बेन,

ओड्डुरची टपालाची बोट दुपारी यायची आहे, म्हणून घाईत लिहिते. सोबत रूबार्बच्या जॅमच्या दोन बरण्या आहेत. एक तुझी. दुसरी तुझ्यासमोरच्या टेबलावर बसणाऱ्या त्या हेर्दिसची, जी दिवसभर नुसत्या बिस्किटांवर राहते असं तू म्हणाला होतास. दोन्ही बरण्या तूच संपवल्यास तर मला कळेल. कसं ते विचारू नकोस.

आता कामाचं. गेल्या आठवड्यात रेडिओवर मृत्यूच्या बातम्या संपल्या आणि लगेच तुमच्या निधीची जाहिरात लागली. संशोधन करणाऱ्यांना, काही नवं काढू पाहणाऱ्यांना सरकार मदत देणार, आणि अर्ज कोणीही करावा, म्हणे. कोणीही म्हणजे मीही, असं मी धरलं आणि टपालाने फॉर्म मागवला. तो अकरा पानांचा आहे. बाप्तिस्म्यापासून आजपर्यंत एवढी माहिती मला कोणी विचारली नव्हती.

पहिल्या पानावर प्रकल्पाचं नाव लिहायचं आहे. मी लिहिलं, ‘राखणदार गेल्यावर बदकं राहतील का?’ आणि खाली, न कळणाऱ्यासाठी: समुद्रातली ही रानबदकं दर वसंतात आमच्या बेटावर अंडी घालतात, आणि घरट्यातली त्यांची मऊ पिसं विकून आम्ही जगतो. तुला माहीतच आहे, एक्केचाळीस वसंत मी वहीत टिपून ठेवलेत. कोणतं घरटं, कोणत्या दिवशी भरलं, वारा कुठला, अंडी किती, आणि मी जवळून गेले तेव्हा किती माद्या उठल्या. माझ्यासाठी त्या उठत नाहीत, कारण मी हाक देत जाते. परका माणूस आला की उठतात, अंडी गार पडतात, आणि काळ्या पाठीचे समुद्रपक्षी तर टपलेलेच असतात.

या मे महिन्यात गुडघ्याने मला अकरा दिवस अंथरुणात पाडलं. तेव्हा मी माझी हाक कॅसेटवर भरली. ओड्डुरने ते यंत्र दुधाच्या कॅनमध्ये घालून उत्तरेच्या खडकावर ठेवलं आणि दिवसाआड सेल बदलले. उत्तरेच्या माद्या बसून राहिल्या. दक्षिणेच्या खडकावर कॅन नव्हता, तिथली निम्मी घरटी ओस पडली. आता हेच मला नीट करून पाहायचंय, तीन खडकांवर, दोन वसंत. पावसापाण्यात टिकणारी, माझ्यामागे बोलत राहणारी पेटी हवी. आणि मी केलं ते बरोबर की चूक हे सांगणारा कोणी शिकलेला हवा.

सातव्या पानावर ‘संशोधनाची पद्धत’ असं लिहिलंय आणि खाली अख्खं पान कोरं सोडलंय. तिथे काय लिहू ते सांग. तुझं रोजचंच काम आहे ते.

तुझी,
स्वानबोर्ग आत्या

०

रेक्याविक, २० सप्टेंबर १९९३

प्रिय आत्या,

हेर्दिसची बरणी हेर्दिसला पोचली. तिने ती ऑफिसातच उघडली आणि चमच्याने खाल्ली, म्हणजे साक्षीदारही आहेत.

आता रागावू नकोस. सातव्या पानाचं मी तुला काही सांगू शकत नाही. तुझं पत्र वाचून झाल्यावर मी पहिली गोष्ट केली ती ही की एक कागद भरून दिला: ‘अर्जदार माझ्या वडिलांची सख्खी बहीण आहे.’ आता तुझी फाइल हेर्दिसकडे राहील. ती उघडली की मी उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहायचं, असा नियम आहे.

हसू नकोस. गेल्या महिन्यात मी अकरा वेळा कॉरिडॉरमध्ये होतो. अडीच लाखांचा देश आपला. त्यातले निम्मे आपले नातलग, आणि उरलेल्यांतले बरेच माझ्या शाळेतले. हेर्दिसचं सासर पूर्वेकडचं, त्यामुळे पूर्वेच्या फायली आल्या की ती बाहेर आणि मी आत. साहेबांना नऊ भावंडं. एकदा आम्ही तिघेही कॉरिडॉरमध्ये होतो आणि आत फाइल एकटीच होती.

अर्जदाराचं नाव झाकूनच अर्ज परीक्षकाकडे जातो, पण त्याने काय होतंय? मागे एका अर्जदाराने सुरुवातच केली होती, ‘माझे आजोबा संसदेत म्हणाले होते त्याप्रमाणे’. म्हणून परीक्षक आता देशाबाहेरचे घेतो. तेव्हा अर्जाला डॅनिश किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. हे फॉर्मवर छापलेलंच आहे, म्हणून सांगतोय. नवव्या पानावर एक रकाना आहे, आपला अर्ज कोणाकडे जाऊ नये असं वाटत असेल तर ते नाव आणि कारण लिहायला. हेही छापलेलं आहे.

न छापलेलं एकच सांगतो, आणि ते मी कुणालाही सांगेन. ओड्डुरला सांगशील तसं लिही.

तुझा,
कोल्बेन

०

मोसेय, ५ ऑक्टोबर १९९३

प्रिय कोल्बेन,

तुला नाक शिंकरायला मी शिकवलं, बुटाची नाडी मी शिकवली, आणि माझ्या एका कोऱ्या पानासाठी तू बाहेर जाऊन उभा राहतोस. तुझा बाप असाच होता. पत्त्यांत माझी पानं चुकून दिसली तर डाव मोडायचा. बरं वाटलं वाचून, पण हे तुला सांगायचं नव्हतं.

अर्ज गेला. डॅनिश मीच केलं, शाळेतल्या शब्दकोशावरून. हाक मात्र तशीच ठेवली. तिचं भाषांतर केलं तर ती हाक राहात नाही. तुला पाठ आहेच: ‘ये बाई, ये. बस बाई, बस. मीच आहे, मीच.’ कागदावर अगदीच वेडगळ दिसते. शिकलेला माणूस हसेल. हसू दे.

आता एक गोष्ट सांगून ठेवते, रडगाणं म्हणून नाही. स्टिकिसहोल्मुरच्या डॉक्टरने गुडघा पाहिला आणि म्हणाला, एकटीने बेटावर आणखी किती दिवस? तिथल्या वृद्धाश्रमात एक खोली आहे. खिडकीतून बंदर दिसतं. एक जूनपर्यंत ती माझ्यासाठी राखून ठेवलीय. तुमचा निधी हो म्हणाला तर मदतीला माणूस ठेवता येईल, पेट्या बनवून घेता येतील, आणि मला इथे थांबायला कारण राहील. नाही म्हणाला तर मी दाराला कुलूप लावून त्या खिडकीत जाऊन बसेन. मग हाक द्यायला कोणी नाही आणि पेटीही नाही. चार वर्षांत इथे एक बदक दिसायचं नाही. मी वहीत शेजारच्या तीन बेटांचं असंच झालेलं लिहून ठेवलंय.

आणि एक राहिलंच: अर्ज बाहेर पाठवणार ना, मग खुशाल पाठवा. फिनलंडला पाठवा, कॅनडाला पाठवा, चंद्रावर पाठवा. नॉर्वेला नको.

तुझी,
आत्या

०

रेक्याविक, १४ नोव्हेंबर १९९३

प्रिय आत्या,

नॉर्वेला नको हे वाचून मी खूप हसलो. आजोबांची आणि नॉर्वेच्या बोटींची हेरिंग माशांवरून जुंपली होती, ते तू अजून धरून बसलीस? जाळं कापलं त्यांनी, पण ते १९३४ साली. आणि हे हेर्दिसच्या कानावर घालायची मला सोय नाही, मी बाहेर उभा. नवव्या पानावर तो रकाना कशासाठी होता? तिथे का नाही लिहिलंस?

खोलीबद्दल वाचलं. हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं, म्हणून एवढे दिवस गेले.

एक गोष्ट आपण कधी बोललो नाही. मी तेरा वर्षांचा होतो. तू दात काढायला गावात गेली होतीस, बाबा जाळ्यांवर. मला दाखवायचं होतं की मलाही येतं. मी दक्षिणेच्या खडकावर गेलो आणि हाक दिली, एकही शब्द न चुकता. सगळ्या माद्या एकदम उठल्या. आभाळ काळ्या पाठीच्या पक्ष्यांनी भरलं आणि मग ते अंड्यांवर उतरले. मी दगड मारत राहिलो, पण किती जणांना मारणार? संध्याकाळी तू आलीस, माझ्याकडे पाहिलंस, खडकाकडे पाहिलंस आणि पॅनकेक करायला घेतलेस.

त्यानंतर मी मे महिन्यात कधी आलो नाही आणि तूही कधी बोलावलं नाहीस. आत्या, घरात माणूस असताना तुला पेटी शोधावी लागतेय, ती माझ्यामुळे का? तसं असेल तर सांग. मला ऐकायचंय.

तुझा,
कोल्बेन

०

मोसेय, ९ जानेवारी १९९४

गाढवा,

नोव्हेंबरपासून वादळांवर वादळं चाललीत. सात आठवड्यांचं टपाल एकदम आलं आणि त्यात तुझं पत्र सर्वांत खाली होतं.

त्या दिवशी सतरा घरटी गेली. पुढच्या वसंतात त्यांतली पंधरा त्याच खळग्यांत परत भरली. वहीत आहे, पान क्रमांक हवा असेल तर कळवते. बावीस वर्षं तू हे उराशी धरून बसलास? बदकं एका हिवाळ्यात विसरली की रे.

हाक तू बरोबर दिलीस, पण बस सुटत असल्यासारखी दिलीस. ती मोठ्याने द्यायची नसतेच. वारा पाठीवर घ्यायचा, थांबायचं, आपला श्वास खाली बसू द्यायचा आणि मग स्वतःशी पुटपुटल्यासारखं बोलायचं. त्यांना शब्द कुठले कळायला! आपण घाबरलेलो नाही एवढंच त्यांना कळतं. हे मी तुला त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. पण तू इतका रडला होतास की मला वाटलं, आधी खाऊ दे. मग तू शहरात गेलास, आणि मला वाटलं तुला यायचंच नाहीये. बोलावून नाही म्हणवून घेण्यापेक्षा न बोलावलेलं बरं. दोघंही शहाणे.

पेटी तुझ्यामुळे नाही. पेटी माझ्या हट्टामुळे आहे.

आजोबांच्या हेरिंगचा आणि नॉर्वेचा काही संबंध नाही. तो विषय सोड.

अर्ज कुठे पोचलाय ते विचारत नाही. विचारलं तर तू बाहेर जाऊन उभा राहशील आणि बाहेर थंडी आहे.

तुझी,
आत्या

०

रेक्याविक, २४ फेब्रुवारी १९९४

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलंय. त्यावर बोलायला समोर यावं लागेल.

आजचं निराळं आहे. सकाळी हेर्दिसने तुझी फाइल उघडली आणि मी नेहमीप्रमाणे बाहेर गेलो. पाच मिनिटांत तीच बाहेर आली. डोळे लाल झालेले. मला वाटलं तिच्या घरून काही वाईट बातमी आली. म्हणाली, “कोल्बेन, तुझी आत्या तरुणपणी दिसायला कशी होती रे?” मी म्हटलं, “हे विचारणं नियमात बसतं का?” तर म्हणाली, “नाही बसत,” आणि परत आत गेली.

दुपारी तिने साहेबांशी तासभर वाद घातला. दाराबाहेर मला एवढंच ऐकू आलं, “नियम सव्वीस काय सांगतो? निर्णय पुढे ढकलला तर कारण अर्जदाराला लेखी द्यायचं. मग कारण म्हणजे हेच ना?” शेवटी सोबतचं पाकीट तिने बंद करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, हे सरकारी टपालाने जायला नको, घरच्या पत्राबरोबर जाऊ दे. आत काय आहे मला माहीत नाही. हाताला एकच कागद लागतोय.

वाईट काही असेल तर लगेच कळव. मी येतो.

तुझा,
कोल्बेन

०

मोसेय, ६ मार्च १९९४

प्रिय कोल्बेन,

वाईट काही नाही. निदान मला तसं वाटतंय. तीन दिवस तो कागद टेबलावर आहे आणि मी त्याच्याभोवती फिरतेय.

तो परीक्षकाला द्यायचा तुमचा छापील कागद आहे. मथळ्यावरचं नाव हेर्दिसने काळ्या शाईने खोडलंय. नियम म्हणजे नियम. खाली तुमचा प्रश्न आहे: ‘अर्जदाराशी आपलं काही नातं, मैत्री, व्यवहार वा वैर आहे काय? असल्यास थोडक्यात लिहावं.’ आणि त्याखाली हाताने लिहिलेलं उत्तर. ते तसंच उतरवते, कारण ते कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला राहवत नाही, आणि इथे बोलायला दोन मेंढ्या आहेत.

‘अर्जदाराचं नाव मला सांगितलेलं नाही. परंतु तिसऱ्या पानावर दिलेली हाक माझ्या आईची आहे. आमच्या बेटाबाहेर ती मी एकाच व्यक्तीला शिकवली, १९५२ च्या उन्हाळ्यात. अर्ज मला उत्तम वाटतो. परंतु या व्यक्तीने काहीही केलं तरी मला ते उत्तमच वाटेल, म्हणून माझं मत धरू नये. त्या उन्हाळ्याच्या शेवटी मी तिला म्हणालो, माझ्याबरोबर चल. तिची तिथे बदकं होती. ती मला म्हणाली, तू इथेच थांब. इकडे माझ्या आईची बदकं होती. दोघांचंही बरोबर होतं असं मी बेचाळीस वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. आमच्या बेटावर आता माणसंही नाहीत आणि बदकंही नाहीत. मी पुढे हाच विषय विद्यापीठात शिकवला, कारण दुसरं काही मला येत नव्हतं. थोडक्यात लिहायला सांगितलं आहे, म्हणून: हो, नातं आहे. ते कोणत्या प्रकारचं, हे दुसऱ्या बाजूला विचारावं लागेल.’

त्याचं नाव इंगेब्रिक्ट. नॉर्वेच्या हेरिंगच्या बोटीवर आला होता. दोरखंडात हात सापडला तेव्हा बोटीने त्याला स्टिकिसहोल्मुरला उतरवलं आणि तुझ्या आजीने हाताला आराम पडेपर्यंत इथे आणून ठेवलं. आठ आठवडे. त्याआधी मी बदकांना नुसती हुश हुश करायची. तो एका हाताने चालायचा, म्हणजे दुसरा गळ्यात बांधलेला, आणि पुटपुटत जायचा, आणि एक मादी उठायची नाही. मी म्हटलं, मला शिकव. तो म्हणाला, आधी तुझा श्वास खाली बसू दे. तो काही त्या उन्हाळ्यात बसला नाही.

नंतर एक ख्रिसमस कार्ड आलं. त्याला मी उत्तर दिलं नाही. काय लिहिणार होते? पुढे त्याने बदकांवर लिहिलेलं काहीबाही मासिकांत यायचं, ते मी वाचायची आणि चुका काढायची.

नववं पान. तो रकाना रिकामा का सोडला विचारलं होतंस ना? नाव लिहायचं तर कारणही लिहावं लागतं. मी पेन घेऊन तासभर बसले आणि कॉफी गार झाली. मग पान उलटलं. आता खरं सांगते, लिहायचं नव्हतं म्हणूनच लिहिलं नाही. आणि तुला ‘नॉर्वेला नको’ लिहिलं ते तू काही करू शकणार नाहीस हे माहीत होतं म्हणून.

सदुसष्टाव्या वर्षी माणसाने असं वागू नये.

तुझी,
आत्या

०

रेक्याविक, १५ मार्च १९९४

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं, आणि कॉरिडॉरमध्येच. हेर्दिसने दाराच्या फटीतून पाहिलं आणि विचारलं, “वाचलंस?” मी मान हलवली. मग आम्ही दोघांनी तिथेच तुझा जॅम खाल्ला.

आता वाईट भाग. तुझ्या अर्जाला परीक्षक उरला नाही, त्यामुळे निर्णय ऑक्टोबरपर्यंत पुढे गेला. हेर्दिसने कॅनडाला आणि फिनलंडला लिहिलंय, पण वसंताआधी काहीच होणार नाही. म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं. आणि तुझी खोली एक जूनपर्यंत.

आत्या, त्या माणसाने गप्प राहून ‘अर्ज उत्तम’ एवढंच लिहिलं असतं, तर कुणाला कळलं असतं? पैसे मंजूर झाले असते. खरं लिहिलं म्हणून तुझं नुकसान झालं. आधी मला राग आला. मग वाटलं, हा तुझा डाव मोडणारा माणूस आहे, बाबांसारखा. असा माणूस आपल्या घरात चालेल.

त्याने शेवटी एक प्रश्न विचारलाय. छापील फॉर्मवर असला तरी प्रश्नच आहे. उत्तर दिलंस का? या खेपेला रकाना रिकामा सोडू नकोस.

मी जूनमध्ये तीन आठवडे रजा टाकलीय. मेमध्ये मिळत नाहीये. मला बोलावलेलं नाही हे माहीत आहे. तरी येतोय.

तुझा,
कोल्बेन

०

मोसेय, १० एप्रिल १९९४

प्रिय कोल्बेन,

लिहिलं. चार कागद चुलीत गेले, पाचवा टपालात टाकला. तुमचा छापील प्रश्न वर उतरवून काढला आणि खाली थोडक्यात उत्तर लिहिलं. काय लिहिलं ते तुझ्या कामाचं नाही. तू बाहेर उभा राहा.

काल तार आली. ‘बोट कोणत्या वारी असते?’ एवढंच. बेचाळीस वर्षांनी माणूस वार विचारतो. मी कळवलं, गुरुवारी.

ओड्डुरला बजावून ठेवलंय. मे महिन्यात या बेटावर परका माणूस उतरत नाही हे त्याला सांगायला नको, टपालाची पिशवीसुद्धा तो बोटीतूनच फेकतो. धक्क्यापासून दारापर्यंत वाटेच्या दोन्ही बाजूंना घरटी असतात, पायरीखालीसुद्धा एक. म्हणून म्हटलं, पाहुण्याला मागच्या बाजूला, खडकाळ आहे तिथे उतरव. म्हातारा पडला तर पडला, पण माझी एक मादी उठता कामा नये.

जूनमध्ये ये. बोलावतेय.

आत्या

०

मोसेय, १५ मे १९९४

प्रिय कोल्बेन,

आधी कामाचं.

वृद्धाश्रमाला कळवलं की खोली दुसऱ्या कुणाला द्या. निदान या वर्षी मला ती खिडकी नको. गुडघा आहे तसाच आहे, पण आता खडकांवर जायला दोन पाय जास्तीचे आलेत. तेही जुनेच, तरी चालतात.

हेर्दिसला सांग, अर्ज मागे घेत नाही. पेटी हवीच, आम्ही दोघं काही अमर नाही. फक्त आता अर्जदार दोन झालेत. इंगेब्रिक्टने वह्या वाचायला घेतल्यात, सध्या १९६१ वर आहे. १९५८ मध्ये मी वारा चुकीचा लिहिलाय असं त्याचं म्हणणं. तो तेव्हा इथे नव्हता, हे मी त्याला दोनदा सांगितलं. आणि तुमचा कॅनडातला तो परीक्षक याचाच विद्यार्थी निघाला. तेव्हा हेर्दिसने फिनलंडवर भिस्त ठेवावी.

तू आलास की पहिल्या दिवशी दक्षिणेच्या खडकावर जायचं. तोवर अंडी फुटून पिल्लं निघू लागतील, पण उशिराची काही घरटी असतातच. आम्ही दोघं मागे थांबू. हाक तू द्यायची. काही उठल्या तर उठल्या.

आता बाकीचं.

गुरुवारी मी सकाळपासून मागच्या खडकांवर दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्याला गुडघा नाही म्हणाला, म्हणून घरात येऊन गोड पिठाचे क्लाइनूर तळायला घेतले. इंजिनाचा आवाज आला तो पुढून. ओड्डुर मागे गेलाच नव्हता. नंतर म्हणाला, पाहुण्याने त्याला सांगितलं की पुढेच लाव, मला वाट माहीत आहे. मी दारात आले, हाताला पीठ, आणि पाहते तो तो धक्क्यावर उतरलेला. हातात एक बॅग, डोक्यावर लोकरी टोपी. आमच्या दोघांमध्ये एकतीस घरटी, आणि सगळ्या माद्यांच्या माना वर.

मला ओरडायचं होतं, तिथेच थांब. पण ओरडले असते तर मीच सगळ्यांना उठवलं असतं. म्हणून तशीच उभी राहिले. छाती अशी धडधडत होती की मला वाटलं, एखादी उठली तर ती या आवाजाने उठेल.

त्याने बॅग खाली ठेवली. वारा पाठीवर येईल असा जरा सरकला. मग नुसता उभा राहिला, चांगला दोनतीन मिनिटं. ओड्डुरने इंजिन बंद केलं होतं. मग तो चालायला लागला, हळूहळू, जमिनीकडे बघत, पुटपुटत. जवळ आला तसं मला ऐकू यायला लागलं. तीच हाक. आवाज म्हातारा झालाय, पण चाल तीच. पहिल्या घरट्याजवळून गेला, दुसऱ्या घरट्याजवळून गेला. माना एकेक करून खाली गेल्या. त्याला या बदकांनी जन्मात पाहिलेलं नाही, कोल्बेन. एकतीसमधली एकही उठली नाही.

पायरीपाशी येऊन तो थांबला आणि पहिल्यांदा वर माझ्याकडे पाहिलं. मी एक पाऊल मागे सरकले, पीठ पायरीवर सांडलं. त्याने ते पाहिलं. आणि मघासारख्याच आवाजात, अगदी हळू म्हणाला, “बस बाई, बस. मीच आहे, मीच.”

आणि मी बसले.

तुझी,
आत्या